ऑनलाइन पाठलाग आणि छळ: ब्लॉक करण्याआधी काय करायचं, गोव्यात तक्रार कशी द्यायची

त्रास सुरू झाला की पहिल्या तासाभरात बहुतेक जणी दोन गोष्टी करतात. मेसेज पुसतात आणि नंबर ब्लॉक करतात. घरात कळलं की तिसरी भर पडते: भाऊ किंवा काका त्या मुलाच्या घरी जाऊन दम देऊन येतात. रागाच्या आणि भीतीच्या भरात हे होणं साहजिक आहे, पण तिन्हींमुळे पुढे तक्रार लंगडी पडते. मेसेज गेलेले असतात, समोरचा सावध होऊन खातं बंद करतो, आणि वर 'घरात घुसून धमकी दिली' अशी उलट तक्रार तोच घेऊन जातो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी जिवाची सुरक्षितता, मग पुरावा, मग खात्यांना कुलपं, मग तक्रार, आणि मजकूर हटवणं व ब्लॉक करणं त्यानंतर. याला अपवाद एकच, खाजगी फोटो किंवा व्हिडिओचा. तो टप्पा ३ मध्ये आहे.

टप्पा १: धोका फोनपुरता आहे की दारापर्यंत आलाय?

स्वतःला तीन प्रश्न विचारा. त्याला तुमचं घर, कामाची जागा, बसची वेळ माहीत आहे का? तुम्ही कुठे आहात हे त्याच्या मेसेजमधून कळतं का? मारण्याची, ॲसिडची किंवा स्वतःला काही करून घेण्याची धमकी आहे का? एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर पुढचे टप्पे शांतपणे करत बसण्याची ही वेळ नाही. तो समोर उभा असेल तर ११२ लावा. महिलांसाठी १८१ आहे, मुलांसाठी १०९८.

घरातल्या किंवा मैत्रिणींपैकी एका विश्वासू व्यक्तीला सगळं सांगा. एकाच. वाड्यावर चार घरांत गोष्ट गेली की संध्याकाळपर्यंत ती त्याच्याही घरी पोचते. गोव्यात त्रास देणारा अनेकदा ओळखीतलाच निघतो: जुना वर्गमित्र, कामावरचा, मोडलेल्या नात्यातला. हे लक्षात ठेवूनच ती व्यक्ती निवडा.

त्यानंतर त्याला एकदाच, लेखी, स्पष्ट नकार द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाची व्याख्या आहे. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा गुन्हा आहे, आणि तिच्या इंटरनेट, ईमेल वगैरेंच्या वापरावर पाळत ठेवणं हाही. त्यामुळे नकार दिसायला हवा. एवढं पुरे: "मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको आहे. यापुढे मेसेज, फोन करू नका." शिवी नको, 'प्लीज' नको, कारणं नकोत. मग कितीही मेसेज आले तरी उत्तर द्यायचं नाही.

सावधान: मारण्याची धमकी असेल किंवा फोटो पसरवण्याची भीती घालून पैसे मागत असेल, तर हा नकारही पाठवू नका. पैसे तर मुळीच देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. दिले गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, आणि बँकेलाही.

टप्पा २: पुरावा जपणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

व्हॉट्सॲपवर 'डिसअपिअरिंग मेसेजेस' चालू असेल तर आधी ते बंद करा. पाठवणारा 'डिलीट फॉर एव्हरीवन' करू शकतो आणि इन्स्टाग्रामवर मेसेज परत घेऊ शकतो. त्यामुळे 'उद्या काढते स्क्रीनशॉट' म्हणू नका. एकदाच बघता येणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट निघत नाही. तो उघडण्याआधी दुसरा फोन हाताशी ठेवा आणि त्या फोनने पडद्याचा फोटो काढा.

नुसत्या मेसेजचा स्क्रीनशॉट अर्धाच पुरावा असतो. कोणी, कुठून आणि केव्हा पाठवला हेही दिसायला हवं. म्हणून:

- संपूर्ण पडदा घ्या, तारीख आणि वेळेसकट. कापाकापी, लाल वर्तुळं, इमोजी काही नको.
- व्हॉट्सॲपवर त्याच्या नावावर टॅप करून नंबर दिसणाऱ्या पानाचा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. 'एक्स्पोर्ट चॅट' करून फाईलही काढा. नाव सेव्ह केलेलं असेल तर त्या फाईलमध्ये नंबराऐवजी नावच येतं. म्हणूनच नंबराचं पान वेगळं लागतं.
- इन्स्टाग्राम, फेसबुकवर वर मोठ्या अक्षरात दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. प्रोफाइलची लिंक कॉपी करून जपा; पोलिसांना माहिती मागवताना तीच लागते.
- ईमेल फॉरवर्ड करू नका. संगणकावर जीमेल उघडून 'शो ओरिजिनल' मधून मूळ मेल डाउनलोड करा. मेल कोणत्या सर्व्हरमधून फिरत आला, ते त्यात असतं.
- बराच मोठा संवाद असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा. सुरुवात त्याच्या प्रोफाइलपासून करा आणि सलग खाली या.

सगळं पेनड्राइव्हवर किंवा विश्वासातल्या व्यक्तीच्या लॅपटॉपवर ठेवा. मूळ मेसेज मात्र मूळ फोनमध्येच राहू द्या. फोन फॉरमॅट करू नका, बदलू नका, दुरुस्तीला टाकू नका. न्यायालयात डिजिटल पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. त्यात फाईलची हॅश, म्हणजे तिचा आकड्यांतला ठसा नोंदवतात. फाईल नंतर जराशी बदलली तरी तो ठसा जुळत नाही.

आता नोंदवही. एक साधी वही घ्या आणि प्रत्येक घटना लिहा. "तो रोज घाणेरडे मेसेज करतो" या वाक्याचा उपयोग नाही. अशी नोंद हवी:

"१२ तारीख, रात्री ११.४०. इन्स्टाग्राम, नवीन खातं, लिंक सोबत. माझा म्हापसा बसस्थानकावरचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'निळा ड्रेस शोभतो.' फोटो त्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास काढलेला. तेव्हा मैत्रीण सोबत होती. स्क्रीनशॉट क्र. १४."

ही एक नोंद पोलिसांना तीन गोष्टी देते: तो प्रत्यक्ष मागावर होता, साक्षीदार आहे, आणि बसस्थानकाचं सीसीटीव्ही तपासता येईल. सीसीटीव्हीचं चित्रण फार दिवस टिकत नाही. अशी घटना घडली तर तक्रार त्याच आठवड्यात द्या.

तुमचा नंबर कुणी 'सर्व्हिस' म्हणून एखाद्या जाहिरातीत टाकला, आणि अनोळखी पुरुषांचे फोन सुरू झाले, तर? हा प्रकार किनारी भागात विशेष त्रासाचा. फोन करणाऱ्याला शिव्या देऊन काही मिळत नाही. नंबर त्याने टाकलेला नसतो. एखादा जरा सभ्य बोलणारा असेल तर शांतपणे सांगा, "माझा नंबर कुणीतरी खोटा टाकलाय, मी पोलिसांत जातेय, तुम्हाला कुठे दिसला त्याची लिंक पाठवा." पाठवणारे भेटतात. ती लिंक मिळाली की मुळाशी जायची वाट सापडते. नंबर लगेच बंद करू नका. बँक, आधार, पुरावा सगळं त्याला जोडलेलं असतं. अनोळखी कॉल म्यूट करा आणि कॉल लॉगचे स्क्रीनशॉट रोज घ्या.

तपासा: मेसेज, पाठवणाऱ्याची ओळख (नंबर किंवा लिंक), तारीख-वेळ, आणि वहीतली नोंद. प्रत्येक घटनेला हे चारही आहे का?

टप्पा ३: खाजगी फोटो-व्हिडिओ असेल तर थांबू नका

इथे तक्रारीची वाट बघत बसायचं नाही. लिंक आणि स्क्रीनशॉट घेतला की त्याच तासाला हटवण्याच्या मागे लागा. फोटो खरा असो वा जोडकाम करून बनवलेला, रस्ता एकच.

ज्या ॲपवर तो आहे तिथे 'न्यूडिटी' किंवा खाजगी प्रतिमेच्या सदरात तक्रार करा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार नग्नता, लैंगिक कृती किंवा तोतयेगिरी असलेला मजकूर पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने दुसऱ्याने कळवला, तर कंपनीला काही तासांत हटवावा लागतो. नुसतं 'स्पॅम' निवडलंत तर तक्रार भलत्याच रांगेत जाते.

तो अजून टाकलेला नाही, फक्त धमकी आहे, तर 'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत सेवा वापरा. ती तुमच्या फोनवरच फोटोचा डिजिटल ठसा तयार करते. फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तोच फोटो कुणी चढवू लागलं तर अडतो. ही सेवा प्रौढांसाठी आहे. अठरा वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' आहे.

सावधान: मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल, तर ते चित्र आईवडिलांनीसुद्धा कॉपी करायचं नाही, नातेवाइकांना 'बघा काय केलं' म्हणून पाठवायचं नाही. अशी चित्रं जवळ बाळगणं आणि पसरवणं हाच गंभीर गुन्हा आहे. लिंक लिहून घ्या, फोन आहे तसा ठेवा आणि थेट पोलिसांकडे जा. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, त्याखाली मुलांचा लैंगिक हेतूने ऑनलाइन पाठलाग हाही गुन्हा आहे. शिवाय गोव्याचा स्वतःचा २००३ चा बालहक्क कायदा आणि बाल न्यायालय आहे.

टप्पा ४: दारं बंद करा, पण कुठल्या फोनवरून?

त्याला सगळं आधीच कसं कळतं, हा प्रश्न पडत असेल तर तो बहुधा तुमच्याच एखाद्या खात्यात आहे. जुना नवरा, जुना मित्र, ज्याच्या हातात कधीतरी फोन होता, त्याच्या बाबतीत ही शंका आधी घ्या. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, विश्वासातल्या फोनवरून. पाळत असलेल्याच फोनवर नवा पासवर्ड टाईप केला तर तोही त्याला मिळतो.

क्रम असा ठेवा. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. गूगल खात्यात 'युवर डिव्हाइसेस' बघा, अनोळखी फोनचा स्क्रीनशॉट घ्या, मग बाहेर काढा. रिकव्हरीचा नंबर त्याचा तर नाही ना, तेही बघा. मग व्हॉट्सॲपचे 'लिंक्ड डिव्हाइसेस' आणि टू-स्टेप पिन. मग इन्स्टाग्राम, फेसबुक. गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग चालू आहे का, तेही बघा. फोनवर *#२१# डायल केलं की कॉल दुसरीकडे वळवले आहेत का ते कळतं. आयफोनमध्ये तुमची माहिती कुणाला दिसते ते तपासून बंद करणारं 'सेफ्टी चेक' आहे. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत अनोळखी ॲप दिसतं का पाहा.

पाळत ठेवणारं ॲप सापडलं तर लगेच काढू नका. ते काढल्याचं त्याला कळतं, आणि तो हिंसक असेल तर तोच क्षण धोक्याचा. शिवाय ते ॲप हाच पुरावा आहे. फोन तसाच पोलिसांकडे न्या आणि बोलण्यासाठी तोवर दुसरा फोन वापरा.

टप्पा ५: अर्ज लिहिणं

मराठीत लिहा. गोव्यात सरकारी कामासाठी मराठी वापरता येते, अर्ज इंग्रजीतच हवा असं कुणी म्हटलं तरी घाबरू नका. दोन पानं पुरतात. आधी तुमचं नाव, पत्ता, संपर्क. मग तो कोण आहे (माहीत असेल तर), ओळख कशी झाली, त्रास केव्हा सुरू झाला, नकार कोणत्या तारखेला दिला, त्यानंतर काय काय झालं. तारखेच्या क्रमाने. शेवटी नंबर, लिंक, खात्यांची नावं आणि जोडलेल्या पुराव्याची यादी.

मेसेजमधले शब्द जसेच्या तसे लिहा. 'अश्लील बोलला' असं लिहून तुम्ही लाज झाकता, पण गुन्हाही झाकला जातो.

कलमं शोधत बसू नका, ते पोलिसांचं काम. ओळख असावी म्हणून सांगते: पाठलाग हे कलम ७८, पहिल्या वेळी दोष सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. तुमच्या नावाने खोटं खातं म्हणजे आयटी कायद्याचं ६६सी किंवा ६६डी, खाजगी अंगाचे फोटो म्हणजे ६६ई, अश्लील मजकूर पसरवणं ६७ आणि ६७ए. ६६ए मात्र लिहू नका. ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं. कलम ७८ स्त्रियांसाठीच आहे. पुरुषाला त्रास होत असेल तर धमकी, खंडणी आणि आयटी कायद्याची कलमं आहेत, त्याने गप्प बसायचं कारण नाही.

अर्जात एक वाक्य आवर्जून घाला: "संबंधित कंपन्यांना पत्र पाठवून या खात्यांची माहिती व लॉग जपून ठेवण्यास सांगावे." लॉग म्हणजे खातं कुठून, केव्हा वापरलं याची नोंद. हटवलेल्या मजकुराची माहिती कंपन्यांनी तपासासाठी १८० दिवस ठेवायची असते. 'बघू, थांबेल आपोआप' म्हणत सहा महिने काढले की हा मार्ग बंद होऊ लागतो.

टप्पा ६: पोलीस स्थानकात

सायबर क्राईम पोलीस स्थानक रायबंदरला आहे. पण पेडणे, सत्तरी किंवा काणकोणहून तिथवर जाता आलं नाही म्हणून तक्रार राहू देऊ नका. जवळच्या स्थानकातही द्या. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेला एफआयआर, नोंदवून प्रकरण योग्य स्थानकाकडे पाठवायचं असतं. मुलगी पुण्यात शिकतेय आणि त्रास देणारा फोंड्यात आहे, तर ती पुण्यातूनही देऊ शकते. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही तक्रार करता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने एफआयआरसाठी माहिती दिलीत, तर तीन दिवसांत सही करावी लागते.

पाठलागाची तक्रार स्त्री देत असेल तर ती महिला पोलीस अधिकाऱ्याने नोंदवायची असते. नसेल तर बोलवायला सांगा. सोबत एक जण न्या, पण बोला तुम्ही.

बाहेर पडण्याआधी हातात काय आहे ते तपासा:

१. एफआयआर झाला असेल तर त्याची प्रत. ती मोफत मिळते.
२. अर्जच घेतला असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक.
३. फोन ठेवून घेतला असेल तर पंचनाम्याची प्रत.

तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. तसं सांगितलं तर ती तारीख वहीत लिहा. नोंदच घ्यायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत देतं. नंबर १५१००.

'माफीनामा लिहून घेऊ, मिटवून टाका, पोरीचं लग्न व्हायचंय' हे तुम्हाला ऐकवलं जाईल. शेजारी सांगतील, देवस्थानचे जाणते सांगतील, कधी स्थानकातच कुणी सांगेल. निर्णय तुमचा. पण लेखी तक्रार नोंदवली जाण्याआधी कुठल्याही कागदावर सही करू नका. नोंद नसेल तर पुढच्या वेळी तोच माणूस नव्या खात्याने आला, तरी कागदावर ती पहिलीच घटना ठरते.

दोन समांतर वाटा

त्रास देणारा सहकारी किंवा वरिष्ठ असेल, तर ऑफिस, हॉटेल, कारखाना, कुठेही कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. नवरा, विभक्त नवरा किंवा लग्नासारख्या नात्यातला माणूस असेल, तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खाली न्यायालय त्याला फोन आणि इलेक्ट्रॉनिक संपर्कसुद्धा मना करू शकतं. या वाटा पोलीस तक्रारीच्या जोडीला धरता येतात.

टप्पा ७: आता हटवा, आता ब्लॉक करा

तक्रारीची पोच हातात आली की बनावट खाती 'इम्पर्सोनेशन' सदरात कळवा, ओळखपत्र मागितलं तर त्यांच्याच फॉर्ममध्ये द्या. मैत्रिणींना शंभर रिपोर्ट करायला लावण्यापेक्षा तुमची एक नेमकी तक्रार जास्त चालते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ऐकलं नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत अपील करा.

सावधान: व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करताना ब्लॉक करून चॅट पुसण्याचा पर्याय त्याच पडद्यावर येतो. ती खूण आधी काढा.

ब्लॉक करण्याआधी तपास अधिकाऱ्याला विचारा. कधी एखादं खातं चालू ठेवायला सांगतात, कारण पुढचा मेसेज आला तर नवा लॉग मिळतो. चालू ठेवलंत तरी उत्तर द्यायचं नाही. चॅट म्यूट करून तो फोन विश्वासू व्यक्तीकडे सोपवा आणि मेसेज तिलाच वाचू द्या.

टप्पा ८: तक्रारीनंतरचे दिवस

पहिल्या वेळचा पाठलागाचा गुन्हा जामीनपात्र आहे. अटक झाली तरी तो लवकर गावात दिसेल. याची तयारी आधीच ठेवा: कामावर जायची वेळ बदला, सोबत ठरवा, तपास अधिकाऱ्याचा नंबर स्पीड डायलवर ठेवा.

तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं. तोवर नुसते फोन करू नका. एफआयआर क्रमांक घालून लेखी विचारा आणि त्याचीही पोच घ्या.

नव्या नंबरावरून, मित्राच्या खात्यातून, त्याच्या बहिणीकडून 'तक्रार मागे घे' असा निरोप आला, तर तोही टप्पा २ प्रमाणे जपा आणि स्थानकात पुरवणी जबाब द्या. नवी तक्रार नको, त्याच एफआयआरला जोडायला सांगा. जप्त झालेला फोन परत हवा असेल तर न्यायालयात अर्ज करावा लागतो. तो परत मिळाल्यावरही खटला संपेपर्यंत विकू नका, रिसेट करू नका.